आयबीडी, तोंड येणं आणि अंगावरच्या गाठी-जखमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. नागपूरची आहे, अल्सरेटिव्ह कोलायटिसचं (मोठ्या आतड्याच्या सुजेचा आजार) निदान होऊन १२ वर्षं झाली, आणि त्यातलं जवळपास दीड वर्ष पायावरच्या एका जखमेमागे गेलं, जी खरं म्हणजे माझ्या पोटाच्याच आजाराचा भाग होती पण ते ना मला माहीत होतं ना ड्रेसिंग करणाऱ्यांना. तेव्हापासून ओपीडीच्या बाकड्यावर, फोनवर, नात्यातल्या लग्नात सुद्धा लोक येऊन तेच तेच विचारतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय. गोळ्यांचे डोस इथं मिळणार नाहीत, ते तुमचे डॉक्टरच सांगतील.

आजार आतड्याचा, मग तोंडात अन् पायावर कसं काय निघून राहिलं?

आयबीडी म्हणजे मुख्यतः दोन आजार, क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस. दोन्हीत आपल्याच शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा आतड्यावर उलटते आणि सूज सुरू ठेवते. आता ह्या यंत्रणेच्या पेशी रक्तातून अंगभर फिरतात, त्यांना आतड्याची वेस नाही, त्यामुळे सांधे, डोळे, कातडी, तोंड इथंही सूज येते. आयबीडीच्या पेशंटांपैकी चारातल्या एकाला ते जवळपास निम्म्या लोकांना आयुष्यात कधी ना कधी आतड्याबाहेरचं असं काहीतरी होतं, म्हणजे हे काही तुमच्या एकट्याचं नशीब नाही.

तोंडाचं तर अजून सरळ आहे. तोंडापासून संडासच्या जागेपर्यंत एकच नळी, आणि क्रोन्स ह्या नळीत कुठंही होऊ शकतो. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ह्या आजाराचं वर्णन केलं तेव्हा तो फक्त लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा समजला गेला होता, नंतर कळलं की ओठ, गाल, हिरड्या काहीच सुटत नाही. कोलायटिस मात्र मोठ्या आतड्यातच राहतो, पण त्याचे पडसाद बाहेर उमटतात.

काही गोष्टी पोटाच्या सोबत चालतात, पोट बिघडलं की निघतात आणि पोट शांत झालं की जातात (नडगीवरच्या गाठी, साधे तोंडातले फोड). काही मात्र आपल्याच मनाने चालतात, पोट एकदम ठीक असतानाही येतात. त्यामुळे “माझं पोट तर बरं आहे, मग हे त्याचं नसेल” हा हिशेब चुकतो, माझा चुकला होता.

मला दर दोन महिन्यांनी तोंड येतं. म्हणजे मला क्रोन्स आहे का?

बहुतेक नाही. तोंड येणं इतकं कॉमन आहे की घराघरात एक तरी माणूस असतोच, झोप कमी, टेन्शन, गाल चावला गेला, लोह किंवा बी१२ कमी, परीक्षा, काहीही. आपल्याकडे लगेच “उष्णता झाली, पोट साफ नाही” म्हणतात आणि गुलकंद देतात, चालतंय.

पण फोडांच्या सोबत हे असेल तर पोटाच्या डॉक्टरांना दाखवा: महिना-दीड महिन्यापासून जुलाब, रात्री झोपेतून उठून संडासला जावं लागणं, संडासमधून रक्त किंवा शेंब, वजन घटणं, वारंवार बारीक ताप, मुलांची उंची अडकणं, संडासच्या जागी गळू किंवा भगंदर. रक्त पडतंय म्हणजे मूळव्याधच असं धरून वर्षानुवर्षं मलमं लावणारे मी खूप पाहिलेत. संडासची कॅलप्रोटेक्टिन नावाची एक तपासणी असते, आतड्यात सूज आहे की नाही याचा अंदाज त्यावरून येतो, आणि कोलोनोस्कोपी (संडासच्या जागेतून दुर्बीण घालून आतडं बघणं) करायची की नाही हे ठरवायला मदत होते.

अजून एक, तोंडात फोड, सोबत खाली लघवीच्या जागी फोड आणि डोळे लाल, असं तिन्ही असेल तर बेहसेट नावाचा वेगळाच आजार असू शकतो, तोही कधीकधी आतड्यात जखमा करतो आणि हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो.

मी खर्रा खातो. फोड त्याचे की आजाराचे?

हा प्रश्न विदर्भात सोडून कुठं फारसा विचारला जात नसेल, पण इथं टाळताच येत नाही. सुपारी, तंबाखू, चुना हे घोटून गालात धरून ठेवलं की गालाचं आतलं कातडं आधी जळजळतं, मग पांढरट, कडक होतं आणि हळूहळू तोंड उघडणं कमी होतं, तीन बोटं उभी आत जात नाहीत. हा सबम्युकस फायब्रोसिस, आणि त्याचा पुढे कॅन्सर होऊ शकतो.

म्हणून नियम एकच ठेवा: तोंडातली कुठलीही जखम ३ आठवड्यांत भरली नाही, किंवा पांढरा-लाल चट्टा तसाच राहिला, तर “माझा कोलायटिस आहे ना, त्याचंच असेल” म्हणून बसू नका, दातांच्या डॉक्टरांकडून तिथला छोटा तुकडा (बायोप्सी) तपासून घ्या. साधा फोड १०-१४ दिवसांत जातो. आयबीडीचं निदान झालेल्या माणसाचं हेच चुकतं की तो प्रत्येक गोष्ट आयबीडीच्या नावावर लिहून टाकतो. आणि जे अझाथायोप्रिनसारख्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांवर आहेत त्यांनी तर खर्रा सोडाच, मी हात जोडून सांगते. सिगरेट क्रोन्सला वाढवते हेही पक्कं आहे.

हिरड्यांवर, ओठाच्या आतून बारीक पिवळे ठिपके आहेत, गोगलगाय चालून गेल्यासारख्या रेषा दिसतात. हे काय?

ह्याला पायोस्टोमॅटायटिस व्हेजिटन्स म्हणतात, फार दुर्मिळ आहे, बऱ्याच डॉक्टरांनी पुस्तकातच पाहिलेलं असतं. लालभडक, जाडसर झालेल्या आतल्या कातडीवर बारीक बारीक पुवाच्या पुळ्या, त्या फुटून एकमेकींना मिळतात आणि वाकडीतिकडी वाट दिसते. ओठ, हिरड्या, टाळू इथं जास्त, जीभ बहुतेक वाचते. दिसायला भयंकर, पण नवल म्हणजे काहींना दुखतं थोडंसंच. रक्ताच्या रिपोर्टमध्ये इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढलेले सापडतात, आणि आपल्याकडे इओसिनोफिल वाढले की जंताची नाहीतर ॲलर्जीची गोळी देऊन मोकळं होतात.

हे नाव १९४९ चं आहे. महत्त्वाचं हे की ज्यांना हे होतं त्यांच्यात आयबीडी, त्यातही अल्सरेटिव्ह कोलायटिस, बहुतेकदा सापडतोच, काहींना तर पोटाची काही तक्रार नसताना आधी तोंडात दिसतं. म्हणून असं तोंड दिसलं की कोलोनोस्कोपीचा विचार करतात. पेम्फिगस नावाच्या फोडांच्या आजाराशी गल्लत होते, तो वेगळा करायला तुकड्याची एक खास तपासणी लागते, इम्युनोफ्लोरोसन्स. पोटाचा इलाज नीट झाला की तोंड सहसा सुधारतं, वरून स्टेरॉइडचं जेल किंवा गुळण्या देतात.

मुलाचा ओठ चार महिन्यांपासून सुजलेला आहे. ॲलर्जीच्या गोळ्यांनी उतरत नाही.

ॲलर्जीची सूज तासाभरात, फार तर दोन दिवसांत उतरते. महिनोन् महिने राहणारी, हाताला टणक लागणारी, मधोमध चीर पडलेली ओठाची सूज वेगळी असते. गाल आतून पाहिले तर दगडगोट्यांची फरसबंदी केल्यासारखे उंचवटे दिसतात, गाल आणि हिरडीच्या मधल्या खाचेत लांबट चिरेसारखी जखम, कातडीचे लोंबते तुकडे. ह्याला ओरोफेशियल ग्रॅन्युलोमॅटोसिस म्हणतात. मुलांमध्ये हे क्रोन्सचं पहिलं लक्षण असू शकतं, पोटाचं काहीच नसताना, आणि पोटाचे त्रास काही महिन्यांनी किंवा वर्षांनी सुरू होतात.

म्हणून अशा मुलाचं वजन आणि उंची लिहून ठेवा. शाळेची जुनी पॅन्ट अजूनही बरोबर येत असेल तर ते बचत झाली म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना सांगा. संडासची कॅलप्रोटेक्टिन, सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), लोह, आणि ओठाचा तुकडा, इतकं तरी होतं. तुकड्यात ग्रॅन्युलोमा नावाच्या पेशींच्या गाठी सापडतात, आणि आपल्या देशात ग्रॅन्युलोमा म्हटलं की टीबी आधी तपासावाच लागतो, सार्कॉइड (अशाच गाठी करणारा आणखी एक आजार) आणि कुष्ठरोगही डोक्यात ठेवावा लागतो.

ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी ह्या मुलांना दालचिनी आणि बेन्झोएट नसलेलं जेवण देऊन पाहिलं आणि बऱ्याच जणांच्या ओठांना उतार पडला. बेन्झोएट म्हणजे कोल्ड्रिंक, सॉस, बाटलीबंद सरबतात टाकतात ते. दालचिनी तर आपल्या गरम मसाल्यात असतेच, सावजी मसाल्यात तर हमखास. सगळ्यांना लागू पडतं असं नाही, पण आहारतज्ज्ञांना विचारून तीन महिने करून पाहायला हरकत नाही, त्यात पोराचं नुकसान काही नाही. फक्त आधीच बारीक असलेल्या पोराचं खाणं स्वतःच्या मनाने कमी करू नका.

जीभ लाल गुळगुळीत झालीय, ओठांचे कोपरे फाटतात.

हे आजारापेक्षा कमतरतेचं असतं बहुतेक. बी१२ लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागातून रक्तात जातं, आणि क्रोन्स नेमका तिथंच बसतो, ऑपरेशनमध्ये तो तुकडा काढला असेल तर गोळ्यांनी भागेलच असं नाही, इंजेक्शन लागू शकतं. त्यात शाकाहारी असाल तर आधीच कमी. रक्त जाऊन लोह कमी झालं की कोपरे चिरतात, नखं चपटी, चमच्यासारखी होतात. सल्फासॅलाझिन आणि मेथोट्रेक्सेट ह्या आयबीडीत देतात त्या दोन्ही गोळ्या फोलिक ॲसिड कमी करतात, म्हणून त्यांच्यासोबत फोलिक ॲसिड लिहून देतात, ती छोटी पिवळी गोळी आहे म्हणून हलक्यात घेऊन सोडू नका.

एक कमतरता मात्र हमखास सुटते, ती झिंकची. खूप दिवस जुलाब चालले की तोंडाभोवती, संडासच्या जागेभोवती आणि बोटांवर लाल सालपटं निघणारे चट्टे, केस गळणं, जेवणाची चव जाणं. लोक ह्याला फंगस समजून मलम लावत राहतात. झिंक दिल्यावर थोड्याच दिवसांत फरक दिसतो, इतकी सोपी गोष्ट आहे.

आणि स्टेरॉइड चालू असताना जिभेवर दह्यासारखा पांढरा थर आला, खरवडला की खाली लाल दिसतं, तर ती बुरशी. औषध वेगळं.

नडगीवर लाल गाठी आल्यात, हात लावू देत नाही इतकं दुखून राहिलं.

एरिथेमा नोडोसम. आयबीडीत कातडीचं सगळ्यात जास्त दिसणारं हेच, बायकांना जास्त. दोन्ही नडग्यांवर १ ते ५ सेंटिमीटरच्या लाल-जांभळ्या गाठी, फुटत नाहीत, पू येत नाही, मार लागल्यावर जसं हिरवं-पिवळं पडत जातं तशा उतरतात आणि वण राहत नाही. बहुतेकदा पोट बिघडल्याचं ते निशाण असतं, त्यामुळे इलाज पोटाचा. पाय उशीवर ठेवणं, आराम, हे घरचं.

दुखतं म्हणून मेडिकलच्या दुकानातून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन घेऊ नका, ह्या गोळ्यांनी आतड्याची सूज भडकू शकते. पॅरासिटामॉल त्यामानाने बरी.

आता आपल्या भागाचं एक. अशा गाठी टीबीमुळेही येतात, घशाच्या इन्फेक्शननंतर येतात, गर्भारपणात आणि गर्भनिरोधक गोळ्यांनीही येतात. आणि विदर्भात, विशेषतः चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या माणसाला गाठी फक्त पायावर न राहता हात, तोंडावर पण असतील, सोबत ताप असेल, कुठं बधिरपणा असेल, तर कुष्ठरोगातली रिॲक्शन पण तशीच दिसते. त्याचा इलाज पूर्ण वेगळा आहे आणि तो आजार बरा होतो, लाजून लपवायचं काही कारण नाही.

पायाला साधं खरचटलं होतं, आता मोठी जखम झालीय, साफ केली की अजून वाढते. काय करावं?

हाच तो प्रश्न ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

माझं असं झालं: गाडीचा स्टँड नडगीला लागला, खरचटलं. चार दिवसांत तिथं पुळी, मग पुळीच्या जागी आठ आण्याएवढा खड्डा. दुखणं इतकं की चादर टेकली तरी डोळ्यात पाणी यायचं, एवढ्याशा जखमेला एवढं दुखणं हेच खरं तर वेगळं होतं पण मला वाटलं मीच नाजूक झालेय. एका दवाखान्यात अँटिबायोटिक दिलं, फरक नाही. दुसरं दिलं. मग “मेलेलं मांस काढावं लागेल” म्हणून कापून साफ केलं, आठवड्यात जखम दुप्पट. पुन्हा साफ केलं, पुन्हा वाढली. तीन वेळा. शुगर तीनदा तपासली, तिन्ही वेळा नॉर्मल. कोणी विचारलं नाही पोटाचं काही आहे का, आणि मी पण सांगितलं नाही, कारण एकतर संडासचं बोलायची लाज आणि दुसरं म्हणजे पायाचा पोटाशी काय संबंध असं वाटायचं. शेवटी स्किनच्या ओपीडीत शिकाऊ डॉक्टर मुलीनं जखमेची कड पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, “ताई, संडासला रक्त वगैरे जातं का?” मी रडलेच तिथं.

ह्याला पायोडर्मा गँग्रीनोसम म्हणतात. नाव दोन्ही बाजूंनी फसवं आहे, ना ते पू करणारं इन्फेक्शन आहे ना गँग्रीन. १९३० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या (आपलं नागपूरचं मेयो हॉस्पिटल नाही) डॉक्टरांनी पाच पेशंटांचं वर्णन केलं, त्यातल्या चौघांना अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. तेव्हा त्यांना वाटलं जंतूंमुळे होतं म्हणून तसं नाव पडलं आणि ते तसंच चालत आलं. खरं कारण आपल्याच पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, त्या विनाकारण कातडीत घुसून तिला खाऊन टाकतात.

ओळखायच्या खुणा: कड जांभळी-निळसर आणि खालून पोखरलेली, म्हणजे कडेखाली काडी जाईल अशी. वाढ झपाट्याने, दिवसागणिक. दुखणं जखमेच्या मानाने फार जास्त. पू तपासणीत बहुतेक काही उगवत नाही, उगवलं तरी नंतर वरून बसलेले जंतू. भरल्यावर चाळणीसारखा वण राहतो. आणि मुख्य खूण, मार, सुई, कापणं, काहीही झालं की तिथं नवीन जखम किंवा जुनी मोठी. ह्याला पॅथर्जी म्हणतात. सगळ्यांनाच होते असं नाही पण ज्यांना होते त्यांना कापून साफ करणं म्हणजे आगीत तेल. म्हणूनच हात जोडून सांगते, आयबीडी असेल आणि पायावर न भरणारी जखम असेल तर चाकू लावायच्या आधी स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. कडेचा छोटा तुकडा तपासायला घेतात ते वेगळं, तो कॅन्सर, टीबी, रक्तवाहिन्यांचा आजार नाही हे बघायला लागतो.

आयबीडीच्या शंभर पेशंटांत साधारण एक ते तिघांना हे होतं. उलटीकडून पाहिलं तर ज्यांना पायोडर्मा होतो त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांना आयबीडी, संधिवात किंवा रक्ताचा काही आजार असतो. ऑपरेशननंतर संडाससाठी पोटावर पिशवी लावलेल्यांना ही जखम पिशवीच्या भोवती होते, आणि पिशवी चिकटतच नाही म्हणून हाल होतात, लोक समजतात पिशवीची ॲलर्जी आहे.

आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे, आणि सिकलसेलच्या काही लोकांना घोट्याजवळ न भरणाऱ्या जखमा होतात, म्हणून तीही तपासणी राहिली असेल तर करून घ्या. शुगर आणि फुगलेल्या शिरा तर आहेतच.

मग ही जखम बरी होते का? पाय कापावा लागेल का?

गँग्रीन शब्द ऐकून घरचे पाय कापायच्याच गोष्टी करतात. गँग्रीन नाहीच आहे तर कापायचं काय. बरी होते, पण वेळ घेते. लहान जखमेला वरून स्टेरॉइड किंवा टॅक्रोलिमस लावतात, मोठीला तोंडातून प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) किंवा सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध), आणि आयबीडी असेल तर इन्फ्लिक्सिमॅबचं (सूज वाढवणारं प्रथिन अडवणारं औषध) सलाइन, ते दोन्हीकडे काम करतं. ब्रिटनमध्ये प्रेडनिसोलोन आणि सायक्लोस्पोरिनची समोरासमोर तुलना करून २०१५ मध्ये निकाल छापला, दोन्ही सारखेच निघाले आणि दोन्ही गटांत ६ महिन्यांत साधारण निम्म्याच लोकांच्या जखमा पूर्ण भरल्या. म्हणून दोन आठवड्यांत भरली नाही तर डॉक्टर बदलू नका, मला ९ महिने लागले. पण दुखणं मात्र लवकर कमी होतं, मला पाचव्या दिवशी चादर सहन होऊ लागली होती, तीच पहिली खूण.

ड्रेसिंग न चिकटणारं ठेवा, ओढून काढायचं नाही, भिजवून काढायचं. हळद, कोरफड, चुना, कोणाची जडीबुटी, ह्यातलं काही जखमेत नको. पुढे कधी कुठलंही ऑपरेशन ठरलं, अगदी दाताचं सुद्धा, तर “मला पायोडर्मा झालेला आहे” हे पहिल्या वाक्यात सांगायचं.

अझाथायोप्रिन सुरू केलं आणि दहाव्या दिवशी ताप, अंगावर लाल दुखऱ्या गाठी. आजार वाढला का?

आजारच असेल असं नाही, औषधही असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. तोंड, मान, हातांवर लाल फुगीर दुखरे चट्टे आणि ताप ह्याला स्वीट सिंड्रोम म्हणतात. १९६४ मध्ये डॉ. स्वीट ह्यांनी वर्णन केलं म्हणून हे नाव, साखरेशी, शुगरशी काही संबंध नाही (हे मला निदान दहा जणांनी विचारलंय). आयबीडीमुळे आपलं आपण पण होतं आणि अझाथायोप्रिनच्या रिॲक्शनमध्ये पहिल्या काही आठवड्यांत हुबेहूब असंच होतं. फरक डॉक्टरच करतील, कारण एकात औषध कायमचं बंद, दुसऱ्यात नाही. स्टेरॉइडने स्वीट फार पटकन उतरतं.

ह्याच गोळीचं दुसरं: पांढऱ्या पेशी एकदम पडणं. आपल्या भारतीयांमध्ये एनयूडीटी१५ नावाच्या जीनमधला फरक बऱ्यापैकी सापडतो, अशांना नेहमीचा डोसही जास्त होतो. केस अचानक पुंजक्यांनी गळायला लागले, तोंडभर जखमा आणि ताप आला, तर त्याच दिवशी सीबीसी, उद्यावर नको.

इन्फ्लिक्सिमॅबने पोट छान झालं पण तळहात, तळपाय आणि डोक्यात सोरायसिस निघाला!

हे उलटं वाटतं कारण तेच औषध सोरायसिसवरही देतात. पण होतं, त्याच जातीच्या ॲडालिमुमॅबनेही होतं. बहुतेकांचं वरून लावायच्या मलमांनी भागतं आणि इंजेक्शन चालू ठेवता येतं, काहींना औषध बदलावं लागतं. स्वतः बंद करू नका, मध्ये खंड पडला की नंतर ते औषध काम करेनासं होऊ शकतं.

रिपोर्टवर “मेटास्टॅटिक क्रोन्स” लिहिलंय. कॅन्सर पसरला का?

नाही हो, अजिबात नाही. आतड्यापासून दूर, मध्ये चांगली कातडी सोडून, क्रोन्सचेच ग्रॅन्युलोमा कातडीत निघाले की त्याला असं म्हणतात, शब्द वाईट निवडला गेलाय इतकंच. जांघेत, स्तनाखाली, घड्यांमध्ये चिरांसारख्या जखमा, लहान मुलांत लघवीच्या जागेची सूज. मुलांमध्ये ह्यावरून नको नको ते संशय घेतले जातात, म्हणून तुकडा तपासून नाव कळणं फार गरजेचं आहे.

डॉक्टर आधी टीबीच्या मागे का लागतात?

कारण आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दोन्ही एकाच जागी बसतात, दोन्हीत ग्रॅन्युलोमा असतो, कोलोनोस्कोपीत सारखे दिसतात. टीबीला क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं तर टीबी पसरतो. आणि इन्फ्लिक्सिमॅबसारखं औषध द्यायच्या आधी छातीचा एक्स-रे आणि मँटू किंवा रक्ताची इग्रा तपासणी करतात कारण शरीरात झोपलेला टीबी त्याने जागा होतो. खर्च वाढवायला करतात असं नाही.

तर्री पोहे बंद करायचे का? संत्री?

तोंड आलेलं असताना तिखट आणि आंबट झोंबणारच, तेवढे दिवस तर्री बाजूला, पोहे खा. संत्र्याचंही तेच. पण तिखट खाल्ल्याने हे आजार झाले असं नाही, माझ्या सासूबाई अजूनही म्हणतात सावजीनं केलं, मी रागावत नाही. काहींना कमी फेस येणारी, म्हणजे सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली टूथपेस्ट वापरून फोड कमी येतात, स्वस्तातला उपाय आहे, करून पाहा.

लागण होते का?

नाही. ताट, टॉवेल, जवळ झोपणं, कशानेच नाही.

लग्न, मूलबाळ?

होतं सगळं. मेथोट्रेक्सेटवर असताना मात्र गर्भ राहू द्यायचा नाही, काही महिने आधी डॉक्टरांना विचारून बंद करावी लागते. समोरच्या घरी लपवून लग्न करू नका असं माझं मत आहे, कारण पथ्य आणि औषध लपवत जगणं फार कठीण जातं.

नागपूरच्या उन्हाचं काय?

मे महिन्यात ४५ च्या वर जातंच. अझाथायोप्रिनने उन्हाचा त्रास वाढतो आणि अनेक वर्षांत कातडीच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, म्हणून दुपट्टा, पूर्ण बाह्या, सनस्क्रीन. जुलाब चालू असतील तर मीठ-साखर-पाणी सोबतच ठेवा.

नागपुरात कुठं दाखवायचं?

तीन डॉक्टर लागतात, पोटाचे, स्किनचे, आणि तोंडाचं असेल तर दातांकडचे ओरल मेडिसिनवाले. मेडिकल चौकात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं हॉस्पिटल) आणि तिथल्याच आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, म्हणजे तोंड आणि कातडी एका फेरीत होतं, पोटासाठी मेडिकलचंच सुपर स्पेशालिटी. मेयो आहे, मिहानला एम्स आहे, आणि धंतोली-रामदासपेठेत खाजगी भरपूर. वाशीम, यवतमाळ, बालाघाटकडून येणाऱ्यांनी सगळे जुने रिपोर्ट, कोलोनोस्कोपीचे फोटो आणि बायोप्सीची काच सुद्धा मागून आणा, दवाखाना ती देतो, नाहीतर पुन्हा तुकडा घ्यावा लागतो.

डोळा लाल, दुखतोय आणि धूसर दिसतंय, किंवा नवीन गोळीनंतर तोंडात जखमा आणि सोबत कातडी सोलून निघतेय (सल्फासॅलाझिननेही असं होऊ शकतं), तर ओपीडीची वाट पाहायची नाही, थेट कॅज्युअल्टी.

डॉक्टरकडे जाईपर्यंत गाठी उतरून जातात, मग दाखवायचं काय?

फोटो काढा. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद, बाजूला एक रुपयाचं नाणं ठेवून म्हणजे आकार कळतो, दर दोन दिवसांनी त्याच जागेवरून. त्याच दिवशी किती वेळा संडासला गेलात, रक्त होतं का, कुठली गोळी नवीन सुरू झाली, हे वहीत तारखेसकट. माझी ती वही अजून आहे, निळ्या कव्हरची, दर फॉलोअपला घेऊन जाते, आणि डॉक्टर आता माझ्याकडे बघायच्या आधी तीच मागतात.